विद्येचे पहिले श्रोते : एक प्रस्तावना

बालाघाटाच्या पठारावर, परळी वैजनाथ आणि लातूर रोड ह्यांना जोडणाऱ्या लोहमार्गालगत वसलेल्या घाटनांदूर गावी आज महाविद्यालय आहे. आणि अशा महाविद्यालयातील एखादा प्राध्यापक, तासिका, परीक्षा, उत्तरपत्रिका आणि कार्यालयीन अहवाल ह्यांतून उरलेला वेळ वेचून, वर्षानुवर्षे खपून जेव्हा एखादा प्रबंध सिद्ध करतो, तेव्हा त्या प्रबंधातील निष्कर्ष प्रथम कोणाच्या कानी पडावा, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटला तरी विद्येच्या साऱ्या व्यवहाराच्या मुळाशी जाऊन पोहोचणारा आहे. प्रचलित रिवाज असा की प्रबंधाच्या प्रती बांधल्या जातात, त्या परगावच्या परीक्षकांकडे रवाना होतात, त्यांचे अभिप्राय यथावकाश विद्यापीठाच्या दप्तरी दाखल होतात, मौखिक परीक्षा होते, पदवी जाहीर होते, वर्तमानपत्रात चार ओळींचा मजकूर छायाचित्रासह येतो, आणि त्यानंतर तो ग्रंथ कपाटात जातो. ह्या सर्व प्रवासात ज्यांची भेट कधीच होत नाही ते लोक म्हणजे त्या प्राध्यापकाचे शेजारी: एकाच शिक्षककक्षात त्याच्यासमवेत चहा घेणारा दुसऱ्या विषयाचा सहकारी, त्याला पुस्तके काढून देणारे ग्रंथपाल, प्रयोगशाळेतील परिचर, आणि रोज समोरच्या बाकावर बसणारा विद्यार्थी. आमच्या गुरुजींना डॉक्टरेट मिळाली एवढे त्या विद्यार्थ्यास ठाऊक असते. ती कशाबद्दल मिळाली, हे विचारण्याचा प्रसंगच त्याच्यावर येत नाही.

अध्यापकाने आपले संशोधन आपल्याच आवारात, आपल्याच माणसांपुढे मांडावे, हा ह्या विवेचनाचा विषय आहे. त्याकडे लोकांवर उपकार म्हणून किंवा ज्ञानप्रसाराचे पुण्य म्हणून पाहण्याची रूढी मला अपुरी वाटते. माझे म्हणणे ह्याहून अधिक आहे. जे संशोधन शेजाऱ्यास सांगता आले नाही ते अद्याप पुरते तपासलेच गेलेले नाही, कारण परका परीक्षक युक्तिवादातील दोष दाखवील, संदर्भांतील उणिवा दाखवील. परंतु ज्या विहिरींच्या पाण्याविषयी आपण लिहिले त्या विहिरीवर लहानाचा मोठा झालेला मुलगा, किंवा ज्या देवळातील शिलालेखाचा आपण अर्थ लावला त्या देवळात पिढीजात पूजा करणाऱ्या घराण्यातील लिपिक, जी हरकत घेईल ती घेण्याचे सामर्थ्य दूरच्या कोणत्याही पंडितात नसते.

नियमांच्या बाजूने पाहिले तर ह्या गोष्टीस आडकाठी कसलीच नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2009 च्या आणि पुढे 2016 च्या विनियमांनी असे ठरवून दिले आहे की प्रबंध सादर करण्यापूर्वी संशोधकाने आपल्या कामाचे सादरीकरण करावे व ते सर्व अध्यापकांस आणि संशोधक विद्यार्थ्यांस खुले असावे, आणि अंतिम मौखिक परीक्षाही खुली असावी. दार उघडे ठेवण्याचा हुकूम झालेला आहे. परंतु दारातून आत कोणी यावे, आल्यावर त्याने प्रश्न विचारावा आणि त्या प्रश्नाने संशोधकाची कांती उजळावी, ह्यासाठी जी सवय लागते ती विनियमांनी निर्माण होत नाही. ती परंपरेने येते, आणि परंपरेचा विचार करू लागलो की मराठवाड्याचा इतिहास आपल्यापुढे उभा राहतो.

निजामी अंमलात घाटनांदूरजवळच्या आंबेजोगाईचे नाव मोमिनाबाद होते. त्या काळी ह्या मुलखातील ज्या मुलास उच्च शिक्षण घ्यावयाचे असे त्याची नजर हैदराबादकडे लागे, आणि 1918 साली तेथे सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाची भाषा उर्दू होती. ह्या विद्यापीठाविषयी बोलताना आपण बहुधा केवळ भाषिक अन्यायाचा पाढा वाचतो, आणि तो अन्याय खराही आहे. मराठी घरातून आलेल्या मुलास गणित आणि इतिहास, तर्क आणि अर्थशास्त्र हे सर्व परक्या बोलीत पचवावे लागे. तथापि न्यायबुद्धीने हेही नमूद केले पाहिजे की आधुनिक शास्त्रे देशी भाषेत शिकविता येतात, त्यांच्यासाठी परिभाषा घडविता येते आणि त्या कामी 1917 पासून स्वतंत्र तर्जुमा-खाते, म्हणजे भाषांतर-खाते, चालविता येते, हे इंग्रजी अंमलाखालील विद्यापीठांनी जे धाडस केले नाही ते हैदराबादेने करून दाखविले. दोष तत्त्वात नव्हता. त्या तत्त्वाचा लाभ संस्थानातील मराठी, तेलुगू आणि कानडी प्रजेपर्यंत पोहोचू दिला गेला नाही, हा दोष होता. स्वामी रामानंद तीर्थ हिप्परग्याहून आंबेजोगाईस आले आणि योगेश्वरीच्या शाळेत त्यांनी मुख्याध्यापकी केली, त्या काळातील राष्ट्रीय शाळांचे मोल ह्या पार्श्वभूमीवर ध्यानी येते. 17 सप्टेंबर 1948 रोजी संस्थान मुक्त झाले. 1950 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादेस महाविद्यालय उघडले, जे पुढे मिलिंद ह्या नावाने विख्यात झाले. आणि 23 ऑगस्ट 1958 रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, ज्याचा नामविस्तार प्रदीर्घ लढ्यानंतर 14 जानेवारी 1994 रोजी झाला. म्हणजे ज्यास आपण आपले म्हणू शकू असे विद्यापीठ मिळून ह्या प्रदेशास पुरते एक शतकही झालेले नाही, आणि विद्या बाहेरून येते, ती ऐकून घ्यावयाची असते, ही जुनी सवय अजून आपल्या अंगी आहे.

वास्तविक ह्या मातीत संशोधनाचे साहित्य काही थोडेथोडके नाही. आंबेजोगाईस यादव राजा सिंघण ह्याचा सेनापती खोलेश्वर ह्याच्या काळचे शिलालेख आहेत. दासोपंतांनी कापडावर लिहिलेली व चितारलेली पासोडी तेथे आहे. विवेकसिंधूचे कर्ते मुकुंदराज ह्यांची समाधी तेथे दाखविली जाते. ह्याच बीड जिल्ह्यात, बीडच्या पाटांगणावर, इतिहासाचार्य राजवाडे ह्यांना ज्ञानेश्वरीची एक जुनी पोथी मिळाली, तिची संहिता त्यांनी 1909 साली छापली आणि तिच्या आधारे ज्ञानेश्वरीच्या भाषेचे व्याकरण लिहिले. त्या पोथीच्या प्राचीनतेविषयी विद्वानांत पुढे पुष्कळ वाद झाले, आणि मुकुंदराज आंबेजोगाईचे की वैनगंगेकाठच्या आंभोऱ्याचे, ह्याही प्रश्नावर दोन्ही पक्षांनी लेखण्या झिजविल्या. हे वाद मुख्यत्वे पुण्यात आणि नागपुरात, तेथील सभांतून व नियतकालिकांतून खेळले गेले. ज्यांच्या गावाविषयी ते होते त्या गावच्या लोकांस निकाल तेवढा कळला, किंवा तोही न कळता केवळ अभिमान कळला. पुराव्याची उलटतपासणी कशी होते, शकाचा आकडा एका प्रतीत एक आणि दुसऱ्या प्रतीत दुसरा असेल तर काय करावयाचे, नकलनवीसाची चूक आणि कर्त्याचा पाठ ह्यांत भेद कसा करावयाचा, हे पाहण्याची संधी येथील तरुणास मिळाली असती तर मुकुंदराज आमचेच, असे म्हणण्यापूर्वी त्याने निदान दोन प्रश्न स्वतःस विचारले असते.

राजवाड्यांचा उल्लेख झाला आहे तर त्यांच्या एका संस्थेविषयी थोडे विस्ताराने लिहिणे प्राप्त आहे. 1910 साली त्यांनी व खंडेराव चिंतामण मेहेंदळे ह्यांनी पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिले. ह्या मंडळाच्या पाक्षिक सभा हा माझ्या मते महाराष्ट्रातील विद्याव्यवहाराचा एक अत्यंत आरोग्यदायी प्रघात होय. कोणा सभासदास एखाद्या वाड्यातील माळ्यावर सनदांचा रुमाल सापडला, कोणास नाण्यांचा संग्रह मिळाला, कोणी ताम्रपट वाचला, की त्याने तो घेऊन सभेत यावे, मूळ वस्तू सर्वांसमोर ठेवावी, आपले वाचन सांगावे आणि इतरांनी त्यावर शंका घ्याव्यात. बोलणाऱ्याजवळ मोठी पदवी असलीच पाहिजे अशी अट नव्हती आणि ऐकणारा व्यवसायाने इतिहासकार असलाच पाहिजे अशीही नव्हती. वकील, शिक्षक, कारकून, संस्थानिकांचे कारभारी असे नानाविध लोक इतिहासाच्या ओढीने एकत्र येत. गणेश हरि खरे ह्यांच्यासारखा, दक्षिणेतील शिलालेखांच्या अभ्यासात ज्यांचा अधिकार सर्वमान्य झाला असा संशोधक ह्याच वातावरणात वाढला. ह्या सभांचे महत्त्व त्यांच्या नियमितपणात आणि वस्तुनिष्ठेत आहे. तेथे केवळ निष्कर्ष ऐकविला जात नसे. पुरावा हातात दिला जात असे. राजवाड्यांनी 1898 पासून मराठ्यांच्या इतिहासाची साधने खंडशः प्रसिद्ध करताना खंडांस ज्या प्रदीर्घ प्रस्तावना जोडल्या, त्यांतही हाच हेतू होता: मूळ कागद हा, मी त्याचा अर्थ असा लावतो, आता तुम्ही पाहा.

परंतु ह्या विषयाचे सर्वांत बोलके उदाहरण पुण्याचे नव्हे, मराठवाड्याचे आहे, आणि त्याचा उल्लेख संशोधनाच्या संदर्भात व्हावा तसा होत नाही ह्याचे मला वाईट वाटते. डॉ. म. ना. वानखेडे अमेरिकेत संशोधन करून परत आले आणि मिलिंद महाविद्यालयात प्राचार्य झाले. अमेरिकेतील कृष्णवर्णीय लेखकांचे साहित्य त्यांनी तेथे वाचले होते, तेथील वर्णभेदाविरुद्धचा झगडा पाहिला होता. आणि ते सर्व त्यांनी आपल्या सहकाऱ्यांपुढे व विद्यार्थ्यांपुढे मांडले. श्रोते कोण होते, तर गावकुसाबाहेरच्या घरांतून आलेली, पहिल्यानेच महाविद्यालयाची पायरी चढलेली तरुण मुले, ज्यांच्या अनुभवास मराठी साहित्यात तोवर जागा नव्हती. समुद्रापलीकडे कोणी आपल्यासारखाच अपमान भोगला आणि त्याचे वाङ्मय केले, हे त्यांना कळले ते एका अध्यापकाने स्वतःचे वाचन आणि स्वतःचे संशोधन स्वतःच्या आवारात सांगितले म्हणून कळले. मिलिंदच्या परिसरात चर्चा झडल्या, 1967 साली अस्मिता हे नियतकालिक निघाले, प्रा. गंगाधर पानतावणे ह्यांच्या संपादनाखाली ते अस्मितादर्श ह्या नावाने वाढले, आणि दलित साहित्याच्या चळवळीस त्याने जे बळ दिले ते सर्वश्रुत आहे. वानखेडे ह्यांनी आपले ज्ञान केवळ इंग्रजी नियतकालिकांसाठी राखून ठेवले असते तर ते विद्वान म्हणून गाजले असते ह्यात शंका नाही; पण ज्यांना त्या ज्ञानाची तहान होती ते त्याच आवारात तहानलेले राहिले असते. नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य नरहर कुरुंदकर ह्यांनीही आपला व्यासंग ह्याच वृत्तीने गावोगावच्या सभांपर्यंत नेला, आणि त्यांना ऐकलेले लोक आजही त्या व्याख्यानांची आठवण काढतात.

विद्यापीठाने आपल्या भिंतींबाहेर जावे, ही कल्पना अर्थातच जुनी आहे. केंब्रिज विद्यापीठाने 1873 साली गावोगावी व्याख्याने देण्याचा उपक्रम हाती घेतला. आपल्याकडे न्यायमूर्ती रानडे ह्यांच्या प्रेरणेने 1875 साली पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. पुढे विद्यापीठांनी बहिःशाल शिक्षण मंडळे काढली. ह्या सर्वांचे ऋण मोठे आहे. तथापि बहिःशाल व्याख्यानास येणारा वक्ता बहुधा पाहुणा असतो, विषय बहुधा सर्वसाधारण असतो, आणि सभा संपताच तो बस पकडून जातो. ज्या वक्त्यास श्रोते दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा भेटणार आहेत, ज्यास विद्यार्थी आपली शंका रात्रभर मनात घोळवून पुन्हा विचारणार आहे, त्याचे उत्तरदायित्व निराळे.

आता घाटनांदूरच्या भोवतालच्या दोन विषयांचा येथे थोडा प्रपंच करतो, कारण तत्त्व पुष्कळ सांगून झाले. पहिला विषय सीताफळाचा. बालाघाटाच्या डोंगरउतारांवर, धारूरपासून आंबेजोगाईपर्यंत, सीताफळ रानात उगवते. परभणीच्या कृषी विद्यापीठाचे सीताफळ संशोधन केंद्र आंबेजोगाईस आहे, आणि बीडच्या सीताफळास 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळाले. रानातल्या झाडावर फुले पुष्कळ येतात व फळे त्या मानाने थोडी धरतात, हे येथील प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक आहे; त्याचे कारण मात्र फुलाच्या रचनेत आहे. सीताफळाचे फूल एकाच फुलात नर व मादी दोन्ही अवयव बाळगते, परंतु कुक्षी आधी पक्व होते आणि पराग नंतर सुटतो. पराग मोकळा होईतो त्याच फुलाची कुक्षी पराग धरण्याच्या अवस्थेतून निघून गेलेली असते. मधमाश्या ह्या जाड पाकळ्यांच्या, खाली मान घातलेल्या फुलाकडे फारशा फिरकत नाहीत. बारीक भुंगेरे हे काम करतात, आणि ते नसले तर फूल गळते. म्हणून ब्रशाने पराग गोळा करून दुसऱ्या, कोवळ्या अवस्थेतील फुलांस लावला तर फळधारणा वाढते. ही माहिती वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात आहे, संशोधन केंद्राच्या अहवालात आहे, परभणीच्या कृषी विद्यापीठात खरीप व रबीपूर्वी भरणाऱ्या शेतकरी मेळाव्यांतूनही तिची वाट निघू शकते. पण महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकविणारा अध्यापक ती ऐकेल तेव्हा तो विचारील की हाताने परागीकरण करण्यास लागणारी मजुरी आणि वाढलेल्या फळांचा भाव ह्यांचा मेळ बसतो काय. भूगोलाचा अध्यापक विचारील की उतारावरील माती धुपत गेली तर भुंगेऱ्यांचे काय होते. आणि डोंगराच्या पायथ्याच्या वस्तीवरून येणारी मुलगी कदाचित सांगेल की तिच्या बांधावरच्या झाडाला कोणी हात न लावता फळे लगडतात. ह्या तीन वाक्यांत नव्या संशोधनाची तीन बीजे आहेत, आणि ती एका विषयाच्या तज्ज्ञांच्या परिषदेत पडणे कठीण.

दुसरा विषय अधिक गंभीर आहे. 30 सप्टेंबर 1993 रोजी, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतरच्या पहाटे चार वाजण्याच्या सुमारास, किल्लारीचा भूकंप झाला आणि हजारो माणसे आपल्याच घरांच्या भिंतींखाली गेली. 6.2 तीव्रतेच्या त्या धक्क्याच्या सुमारे वर्षभर आधी, 1992 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात, किल्लारीच्या लोकांनी लहान लहान धक्क्यांची मालिका अनुभवली होती. दख्खनचे पठार हा स्थिर भूखंड, येथे मोठा भूकंप होत नाही, अशी समजूत होती. भूकंपप्रवणतेच्या तत्कालीन नकाशात हा मुलूख सर्वांत कमी धोक्याच्या विभागात दाखविला होता, आणि 2002 च्या सुधारित नकाशात किल्लारीचा प्रदेश तिसऱ्या विभागात गेला. पुढे किल्लारीजवळ विंधनछिद्र घेऊन सुमारे 338 मीटर जाडीच्या काळ्या पाषाणाखालील प्राचीन खडकापर्यंत शास्त्रज्ञ पोहोचले. ह्या संशोधनाचे निबंध देशोदेशीच्या नियतकालिकांत आले, येणे योग्यच होते. परंतु आमच्या मुलखातील माळवदी घरे, मातीत बांधलेल्या दगडी भिंती, त्यांच्यावरील मातीचे जड छत, हे सर्व अद्याप पुष्कळ गावांत उभे आहे. आणि त्या घरांत राहणाऱ्या विद्यार्थ्यास, भिंतीच्या दोन तोंडांना जोडणारा, गवंड्यास ठाऊक असलेला लांब दगड का घालावयाचा, कोपरे का बांधून घ्यावयाचे, हे त्याच्याच महाविद्यालयातील भूगोलाच्या अध्यापकाने, किल्लारीचा नकाशा भिंतीवर लावून, सांगितले पाहिजे. येथे संशोधन आपल्या आवारात सांगणे हा प्राणांचा प्रश्न होतो.

ह्या सूचनेविरुद्ध जे आक्षेप घेतले जातात त्यांत एक वजनदार आहे व बाकीचे हलके. विषय दुर्बोध आहे, हा हलका. ज्यास आपला विषय बारावीच्या हुशार मुलास समजेल असा मांडता येत नाही त्याने तो पुन्हा एकदा समजून घ्यावा. अप्रकाशित निष्कर्ष कोणी चोरील, ही भीती अगदीच निराधार नाही, पण तिला उपाय आहे: जे प्रसिद्ध झाले ते सांगावे, आणि जे व्हावयाचे आहे त्यातील प्रश्न सांगावा. वजनदार आक्षेप असा की अध्यापकाची बढती आणि वेतनश्रेणी ज्या गुणांकावर अवलंबून असते त्यात छापील निबंधास मोल आहे, स्वतःच्या महाविद्यालयात केलेल्या भाषणास नाही. आणि घरसंसार, लांबचा प्रवास व वाढता कारकुनी भार ह्यांत गुंतलेल्या माणसाकडून आणखी एका निष्काम कर्माची अपेक्षा करणे हा त्याच्यावर जुलूम आहे. हा आक्षेप मी मान्य करतो. त्याचे निवारण विद्यापीठाने करावयाचे आहे, अध्यापकाच्या त्यागाने नव्हे. ज्या बैठकीत एखाद्या अध्यापकाने आपले काम मांडले व त्यावर लेखी प्रश्नोत्तरे झाली, तिची नोंद त्याच्या कामाच्या तासांत धरली गेली पाहिजे.

बैठकीचे स्वरूप साधे असावे. हारतुरे, शाल, श्रीफळ आणि प्रमुख पाहुण्यांचा परिचय ह्यांत आमच्या समारंभांचा अर्धा वेळ जातो, आणि वक्ता उभा राहतो तेव्हा विद्यार्थ्यांचे डोळे घड्याळाकडे लागलेले असतात. म्हणून ह्यांतील काहीही नसावे. अर्धा तास बोलणे, अर्धा तास प्रश्न. बोलणे मराठीत असावे आणि परिभाषेचे जे इंग्रजी शब्द रुळले आहेत ते खुशाल तसेच वापरावेत. शुद्धतेच्या हट्टापायी अर्थ हरवू नये. मूळ साधन समोर असावे: शिलालेखाचा ठसा, वाळविलेल्या वनस्पतीचा कागद, शेतकऱ्यांच्या मुलाखतींची वही, जमाबंदीच्या जुन्या कागदाची नकल. ज्या वाटेने गेलो आणि जी बंद निघाली तिचाही तपशील सांगावा, कारण विद्यार्थ्यास संशोधनाची खरी ओळख तेथेच होते. शिपाई आणि परिचर ह्यांना दारात उभे न ठेवता खुर्च्या द्याव्यात.

पहिली बैठक जूनमध्ये, महाविद्यालय उघडताच घ्यावी असे मला वाटते, आणि तीत सीताफळाचा विषय घ्यावा. त्या दिवसांत फुले झाडावर असतात. एक फांदी आणून तिच्यावरील फुलाची कोणती अवस्था कोणती हे भिंगाखाली दाखवावे, ब्रश विद्यार्थ्यांच्या हाती द्यावा, काही फुलांस हाताने पराग लावून त्यांना दोरा बांधावा, तितक्याच फुलांस तसेच सोडावे, आणि दिवाळीच्या सुटीपूर्वी फळांची मोजणी करून तिचा आकडा, तो पुस्तकाशी जुळो वा न जुळो, त्याच सभागृहात अर्थशास्त्राच्या अध्यापकाच्या उपस्थितीत वाचून दाखवावा.